धुराने हाड मोडत नाही

“बाबा पडलेत,” खालच्या मजल्यावरच्या काकू फोनवर म्हणाल्या, आणि माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल तर हे, की म्हणजे बाबा त्या रकान्यात गेले. बाप पडला म्हटल्यावर लेकीने कुठे लागलं ते विचारावं, शुद्धीवर आहेत का विचारावं. तेही मी विचारलं, पण नंतर. आधी मी समोर संगणकाच्या पडद्यावर ‘पडलेले’ असं लिहिलेल्या त्या रकान्याकडे बघितलं, जसा काही तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत एकाने वाढणार होता. काकू सांगत होत्या, धाडकन आवाज आला, मला वाटलं कपाटच पडलं, नशीब माझ्याकडे किल्ली होती, आत्ताच गाडीत घालून नेलंय त्यांना, तू थेट दवाखान्यातच जा. “बोलतायत ना?” मी विचारलं. “बोलतायत कसले, भांडतायत,” काकू म्हणाल्या. “स्ट्रेचरवर आडवं व्हायला तयार नव्हते.” माझा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. कारण बोलता बोलता काकूंनी एक वाक्य सहज टाकलं होतं, की ओठ मात्र जरा निळसर दिसत होते हो त्यांचे. मी पर्स उचलली, मास्क शोधला, तो सापडेना म्हणून शेजारच्या टेबलावरचा कुणाचा तरी उचलला, आणि पडदा तसाच चालू ठेवून निघाले.

माझं काम सांगायला सोपं आहे. पलीकडच्या डोंगरांवर वणवा लागला की त्याचा धूर शहरावर येतो, आणि त्या धुराने लगोलग किती माणसं आजारी पडली याचा अंदाज मी काढते. लगोलग म्हणजे त्या दिवशी, किंवा फार तर पुढच्या चार-सहा दिवसांत. वीस वर्षांनी कुणाला काय होईल ते माझ्या खात्यात येत नाही. आता गंमत अशी की दवाखान्यात येणारं कुणीही कपाळावर ‘मी धुरामुळे आलो’ असं लिहून येत नाही. दमेकरी धूर नसतानाही येतो, छातीत दुखायला लागलेला माणूस भर थंडीतल्या स्वच्छ सकाळीही येतो. म्हणून धूर नसता तर किती आले असते याचा हिशेब मांडायचा आणि आलेल्यांतून तो वजा करायचा. उरतील ते धुराचे. जे घडलंच नाही ते मोजायचं आणि जे घडलं त्यातून काढून टाकायचं, यातच माझं नोकरीतलं आयुष्य गेलं. बाबांना मी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा ते स्क्रू-ड्रायव्हरने कान खाजवत म्हणाले, “म्हणजे लिफ्ट बंद नसती तर किती माणसं वर गेली असती, असंच ना? ते मी पण सांगतो. सगळी गेली असती.” बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या निम्म्या जुन्या इमारतींच्या लिफ्टच्या विहिरींत ते आयुष्यभर लोंबकळले, आणि जमिनीवरच्या माणसांच्या कामांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

पण त्या वजाबाकीवर विश्वास कसा ठेवायचा? कशावरून ती खोटं बोलत नाही? त्यासाठी आमच्यात एक साक्षीदार ठेवायची पद्धत आहे. ज्याचा धुराशी काडीचा संबंध नाही असा एखादा आजार घ्यायचा आणि त्याच्यावरही तीच वजाबाकी चालवायची. तो जागचा हलला नाही तर आपलं गणित खरं. तोही वाढलेला दिसला, तर समजायचं की वाढ धुराची नाही, दुसरंच काहीतरी आहे, लोक एरवीच दवाखान्यात जास्त जात असतील, नोंदी जास्त होत असतील, काहीही. मी साक्षीदार म्हणून पडून हाडं मोडलेली माणसं निवडली होती. धुराने दम लागतो, खोकला होतो, हृदय दगा देतं. धुराने हाड मोडत नाही. बैठकीत मी हे वाक्य म्हटलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. इतकं उघड होतं ते, हातच्या काकणाला आरसा कशाला. आणि आज सकाळी मी गणित चालवलं तर दम्याचा रकाना वर गेलेला, हृदयाचा वर गेलेला, आणि शेजारी पडलेल्यांचा रकानाही मुकाट्याने वर गेलेला. आमच्या खात्याच्या प्रमुख, ज्यांना सगळे मॅडम म्हणतात आणि ज्या माझ्यापेक्षा वयाने लहान आहेत, माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून पडद्याकडे बघत राहिल्या. “साक्षीदार फुटला तुझा,” त्या म्हणाल्या. मग नियमाप्रमाणे जेवढा साक्षीदार वाढला तेवढी वाढ सगळ्यांतून वजा करायची ठरली. ती केल्यावर खाली जे उरलं त्याला आकडा म्हणवेना. वाढ असेल, नसेलही. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा नाही. आज संध्याकाळी पत्रक जायचं होतं. धुराने माणसं आजारी पडतायत असं आमच्या पत्रकाने म्हटलं असतं, तर म्हाताऱ्यांसाठी गाळलेल्या हवेची सभागृहं उघडणार होती, उघड्यावर काम करणाऱ्यांना सुट्टी मिळणार होती. ते सगळं त्या एका वजाबाकीवर अडलं होतं, आणि मी ती तिसऱ्यांदा तपासत असताना काकूंचा फोन आला.

टॅक्सीत बसले तेव्हा भर दुपारी रस्त्यावरचे दिवे लागलेले होते. सूर्याकडे सरळ डोळ्यांनी बघता येत होतं. वणवा लागला त्या पहिल्या दिवशी लोक गच्चीत जाऊन फोटो काढत होते, दुरून डोंगर साजरे तसे जळणारे डोंगरही साजरेच दिसतात. मग धूर खाली उतरला आणि उतरलेलाच राहिला. उशीच्या अभ्र्याला वास, टॉवेलला वास, पाव कापला तर त्यालाही वास. “आज बरंय की जरा,” टॅक्सीवाला म्हणाला, “काल समोरचा सिग्नल दिसत नव्हता.” मी हो म्हटलं. काल सिग्नल दिसत नव्हता म्हणून आज बरं, आणि उद्या आणखी वाईट झालं की आजचा दिवस चांगला ठरणार. माझ्या कामात प्रत्येक धुराचा दिवस एखाद्या साध्या दिवसाशी ताडून बघावा लागतो, तोच वार, तोच महिना, तेच माणूस, फक्त हवा निराळी. या महिन्यात असा साधा वार मिळेनासाच झाला आहे. टॅक्सीत बसून मी बाबांचा साधा दिवस आठवायला लागले. धूर नसलेला, मी गेले आहे, ते दार उघडतायत, जिना चढून आल्यासारखे धापा टाकतायत की नाही? गेल्या महिन्यात दार उघडताना ते धापा टाकत होते का? मला आठवेना. मी आले की त्यांनी दार उघडायचं आणि मी आत जायचं, बस. त्यांच्या छातीकडे कोण बघतं! शहरभराच्या श्वासांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला बापाचा एक साधा श्वास आठवत नव्हता, आणि टॅक्सीवाला आरशातून विचारत होता की बाई, काच पूर्ण वर आहे ना तुमच्या बाजूची.

आठवलं ते भलतंच. मी लहान होते, शाळेला सुट्टी होती, आई माहेरी गेली होती, आणि मला एकटीला घरी ठेवता येईना म्हणून बाबांनी मला कामावर नेलं होतं. एका सरकारी इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. तळाशी ग्रीसचा आणि दमट लोखंडाचा वास, वर बघितलं तर एक लांबच लांब काळोखी नळी आणि शेवटी हातरुमालाएवढा उजेड. “वरचं चाक बघायचंय का चिमणे?” त्यांनी विचारलं. मला बघायचं होतं आणि नव्हतं. भिंतीला टेकवलेली लोखंडी शिडी होती. मी चार-पाच पायऱ्या चढले आणि दांडीला मिठी मारून तिथेच थांबले. खाली बघितलं तर बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. दोन्ही हातांनी शिडी धरून, खालच्या दांडीवर एक बूट रोवून, ते शिडीच्या पायांकडे बघत होते. “बाबा, बघा ना माझ्याकडे,” मी रडवेली होऊन म्हटलं. “तुझ्याकडे बघून काय करू?” ते म्हणाले. “माणूस पडायच्या आधी शिडी सरकते. चढ तू, मी धरलंय.” मी चढले. चाक बघितलं, मोठं होतं, तेलकट होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण त्यानंतर कित्येक वर्षं झोप येत नसली की मी ते ‘मी धरलंय’ आठवायची आणि मला झोप लागायची.

दवाखान्यात पोचले तर बाबा तातडीच्या विभागात एका पडद्याआड होते आणि नोंदणीचा कारकून टॅब घेऊन त्यांच्या उशाशी उभा होता. बाबांचा उजवा पाय बाहेर वळून आखूड झाल्यासारखा दिसत होता. चेहरा धुतलेल्या फडक्यासारखा. मला बघून ते म्हणाले, “आलीस? काही गरज नव्हती. जेवलीस का?” आणि एवढं बोलायला त्यांना मध्ये तीनदा थांबावं लागलं. कारकुनाने विचारलं, “काय झालं, आजोबा?” बाबांनी मान ताठ केली. “पाय घसरला.” “कशावरून?” “स्टुलावरून.” कारकुनाने काहीतरी टिचकी मारली. मला दिसलं त्याने कुठे मारली ते. “त्याआधी दम लागला होता का?” मी मध्येच विचारलं. “चक्कर आली होती का, बाबा? डोळ्यांपुढे अंधारी?” “कुणाला दम लागलाय?” बाबा म्हणाले, आणि मग बराच वेळ त्यांना पुढचं बोलता आलं नाही. “आयुष्यभर... विहिरीत लोंबकळलोय... मला काय चक्कर येतेय. स्टूलच सडकं.” कारकून माझ्याकडे बघून समजुतीने हसला. अशी म्हातारी माणसं तो रोज बघत असणार. “मुख्य तक्रार एकच टाकता येते, ताई,” तो म्हणाला. “पडलेत ते तर नक्की ना?” पडलेत ते नक्की होतं. ताकास तूर न लावणाऱ्या बापापुढे लेकीने काय बोलायचं? कारकून पुढच्या पडद्याआड गेला.

डॉक्टर तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलायला गोड. खुब्याचं हाड मोडलंय, फोटोत स्पष्ट दिसतंय, ऑपरेशन लागेल, ती म्हणाली. मी म्हटलं, “त्यांचा ऑक्सिजन?” “थोडा कमी आहे.” “थोडा म्हणजे?” “कमी आहे,” ती म्हणाली, “पण सध्या सगळ्यांचाच कमी येतोय हो. बाहेरची हवा बघा ना.” तिच्या बोलण्यात काही चूक नव्हतं. सगळ्यांचाच कमी असला की कमी कशाला म्हणायचं? “तुम्ही डॉक्टर आहात का?” तिने विचारलं. “नाही,” मी म्हटलं, “मी संख्याशास्त्रातली.” “अच्छा,” ती म्हणाली, आणि त्या अच्छामध्ये माझं सगळं शिक्षण निकालात निघालं. नाकाला नळी लावली, पायाला वजन बांधलं, आणि मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं.

बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. तिचं मनगट सुजून भोपळ्यासारखं झालं होतं आणि त्याच्या वर, कोपराच्या खाली, चिकटपट्टीचं एक मोठं तपकिरी रीळ अडकलेलं होतं. पडताना ते हातात घातलेलं होतं, मग खाली मनगट सुजलं, आता ते निघेना. तिची सून तिच्यावर चिडली होती आणि रडतही होती. “कुणी सांगितलं होतं तुम्हाला चढायला?” “तूच म्हणालीस ना वरच्या फटीतून धूर येतोय म्हणून.” “मी म्हणाले म्हणून तुम्ही ओट्यावर चढलात?” तेवढ्यात प्लॅस्टर घालणारा माणूस हातात कातर घेऊन आला आणि रीळ बघून त्याने कपाळाला हात लावला. “आणखी एक!” तो म्हणाला. “काय चाललंय काय शहरात? सगळ्या म्हाताऱ्यांना एकदम उंचावर चढायची हौस आली होय? सकाळपासून बघतोय, ज्याच्या-त्याच्या हाताला चिकटपट्टी.” म्हातारी दुखण्यातही ओशाळून हसली. “रेडिओवर सांगत होते बाबा,” ती म्हणाली. “दारं-खिडक्या बंद ठेवा, फटी बुजवा.”

मी तिच्या हाताकडे बघत राहिले. ‘फटी चिकटपट्टीने किंवा ओल्या फडक्याने बुजवाव्यात, वरच्या झरोक्यांकडे विशेष लक्ष द्यावे.’ हे आमच्याच खात्याचं वाक्य. विशेष लक्ष द्यावे हे शब्द ठेवायचे की नाही यावर आमच्यात दहा मिनिटं चर्चाही झाली होती. झरोके कुठे असतात? छताजवळ. तिथपर्यंत कोण पोचणार? घरात दिवसभर कोण असतं? आणि धुराने आधीच अंगातलं बळ गेल्यासारखी झालेली, दोन पायऱ्या चढली तरी धापा टाकणारी ही माणसं हात वर करून, मान मागे टाकून, स्टुलावर, खुर्चीवर, ओट्यावर, पलंगाच्या कठड्यावर उभी राहिली. शहरभर. धुराने हाड मोडत नाही! मग हे कशाने मोडलं? साक्षीदार फुटला नव्हता. तो बिचारा सकाळपासून माझ्यापुढे उभा राहून खरंच सांगत होता, आणि मी त्यालाच खोटारडा ठरवून त्याच्या पापाने बाकी सगळ्यांना वजा केलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी. मला त्या बाकावर हसू यायला लागलं आणि मी तोंडावर हात धरला. सुनेला वाटलं मी रडतेय, तिने मला पाण्याची बाटली दिली.

मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. “कसे आहेत वडील?” त्यांनी विचारलं, आणि त्यांचा आवाज खरोखर काळजीचा होता, हे मला सांगितलंच पाहिजे. मी सगळं एका दमात सांगितलं. फटी, झरोके, स्टूल, म्हातारीचं रीळ. साक्षीदार चुकीचा निवडलाय आपण, त्याची वजाबाकी काढून टाका, पहिले आकडे होते तेच खरे आहेत, निदान पत्रक थांबवा. मग त्या हळूच म्हणाल्या, “कशावरून?” “मी बघतेय ना इथे!” “किती जण बघितलेस?” मी म्हातारीच्या रिळाकडे बघितलं. “एक म्हातारी आणि...” त्या थांबल्या. “हे बघ, माझ्या वडलांना असं झालं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. पण घरच्या माणसावरून आकडा काढायचा नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं? तूच ना? पडलेल्यांच्या नोंदीत पडले एवढंच असतं. कशाला चढले होते ते कुठेच नसतं. मी वर जाऊन काय सांगू, चिकटपट्टी?” “नंतर तपासता येईल,” मी म्हटलं. “नंतर तपासू ना,” त्या म्हणाल्या. “नक्की तपासू. पत्रक अर्ध्या तासापूर्वी गेलंय. ठोस वाढ आढळली नाही, एवढंच लिहिलंय. वाढच नाही असं नाही लिहिलं.” मग त्यांनी पुन्हा विचारलं, काही लागलं तर सांग, मी गाडी पाठवू का. त्यांच्यावर रागवावं असंही काही त्या बोलल्या नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच, याच शब्दांत म्हटलं असतं. मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला.

अंधार पडायच्या सुमाराला बाबांना वॉर्डात हलवलं. भूल देणारे डॉक्टर येऊन गेले. सावकाश बोलणारे, वयस्कर, त्यांनी बाबांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि मग मला दाराशी बोलावलं. छातीत घरघर आहे, ही निवळल्याशिवाय भूल देता येणार नाही. निवळायला काय करायचं? उठवून बसवायचं, खोकायला लावायचं, चालवायचं. “खुबा मोडलाय त्यांचा,” मी म्हटलं. “तेच तर,” ते म्हणाले. “ऑपरेशन झालं तर बसता येईल. बसता आलं तर छाती सुटेल. छाती सुटली तर ऑपरेशन.” धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. “आणि नाहीच झालं तर?” त्यांनी चष्मा काढून डगल्याला पुसला. “या वयात असं उताणं फार दिवस ठेवणं बरं नसतं,” ते म्हणाले. “हवा सुधारली तर बघू.” हवा सुधारण्याचं काम कुणाकडे आहे हे मला माहीत होतं, म्हणजे कुणाकडेच नाही हे माहीत होतं. शिवाय मला त्यांना सांगावंसं वाटलं की धूर गेला म्हणजे संपलं असं नसतं. धूर निघून जातो, आभाळ निळं होतं, लोक खिडक्या उघडून हसायला लागतात, आणि माणसं त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत जातात. माझ्याच आलेखात मृत्यूंची रेघ तशी चढते. पण हे त्यांना सांगून काय उपयोग, त्यांना हे माहीत असणार, आणि माहीत असून तेही चष्माच पुसत होते.

वॉर्डात सहा खाटा होत्या. बाबांची शेवटची, भिंतीकडची. मी स्टीलचं स्टूल ओढून बसले. बाबांच्या अंगावरून काढलेल्या कपड्यांची पिशवी नर्सने माझ्या मांडीवर ठेवली. चष्मा, शर्ट, पॅन्ट, आणि पॅन्टच्या खिशात काहीतरी टणक. चिकटपट्टीचं रीळ. बाबांची पद्धत अशी, की पट्टी फाडली तिथे टोक दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या वेळी नखाने खरवडत बसायला नको. हेही टोक नीट दुमडलेलं होतं. म्हणजे शेवटचा तुकडा लावून झाला होता, टोक दुमडलं होतं, रीळ खिशात टाकलं होतं, आणि मग ते पडले. काम पुरं करून. “स्टुलावर कशाला चढलात?” मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं. “फटी बुजवायला,” ते म्हणाले. “रेडिओवर सांगितलं ना. तुझंच खातं ना ते?” श्वास. “आमची चिमणी सांगतेय म्हटल्यावर... न ऐकून कसं चालेल.” आणि ते चेष्टेने हसले, त्या हसण्याचा खोकला झाला, आणि खोकल्याने खुबा हलला तेव्हा त्यांनी माझ्या मनगटाला असं धरलं की त्यांची नखं रुतली. ओरडले मात्र नाहीत. मी त्यांच्या छातीवर हात ठेवून बसून राहिले. हाताखाली काहीतरी उकळत होतं. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजत होते, पलीकडच्या खाटेवरच्या माणसाची मुलगी त्याला मोबाइलवर कसली तरी मॅच दाखवत होती.

“बाबा,” मी थोड्या वेळाने म्हटलं, “मला खरं सांगा. पाय घसरला की आधी चक्कर आली?” त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, आपल्या लेकीचं काहीतरी अडलंय एवढं त्यांना कळलं, काय अडलंय ते कळलं नाही. “तुला कुठलं हवंय?” त्यांनी विचारलं. “म्हणजे?” “तुझ्या कामाचं... उत्तर कुठलं? चक्कर आली म्हणू? सांग त्या पोराला. लिहून घे म्हणावं... चक्कर आली. मला काय.” विहिरींच्या काळोखात कधी न पडलेला हा माणूस माझ्यासाठी आपली आयुष्यभराची ऐट सोडायला निघाला होता, आणि आता त्यांना खरंच चक्कर आली होती की नाही, हे मला कधीच कळणार नव्हतं. मला रडू आलं. मी पिशवीत चष्मा शोधत असल्याचं सोंग केलं. “नको,” मी म्हटलं, “पाय घसरला हेच बरोबर.” “मग तेच,” ते म्हणाले, आणि त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मग जरा वेळाने, “आज आकडा द्यायचा होता ना तुला? किती आला?” “काही नाही आला,” मी म्हटलं. “धुराने फारसं कुणाला काही झालेलं दिसत नाही, असं आलंय.” बाबांनी मान हलवली. “बरं झालं की मग,” ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. ते चेष्टा करत नव्हते. लोकांना काही झालं नाही याचं त्यांना बरं वाटलं होतं.

वॉर्डाची आया आली, चादरी ओढून नीट केल्या, आणि नाक वर करून म्हणाली, “इथे वास जास्तच येतोय बाई.” बाबांच्या डोक्यावरच्या भिंतीत एक झरोका होता. काच होती, पण चौकट सुटलेली, आणि त्या फटीतून धूर अक्षरशः आत येताना दिसत होता, वरच्या ट्यूबच्या उजेडात, सावकाश, काही घाई नसल्यासारखा. “दुरुस्तीवाल्याला सांगून सांगून थकलो आम्ही, कुणी येत नाही,” आया म्हणाली आणि निघून गेली. मी नर्सकडे जाऊन सांगितलं. ती म्हणाली, उद्या माणूस पाठवते. परत येऊन मी उभी राहिले आणि त्या फटीकडे बघत राहिले. ती बुजवून काही होणार नव्हतं, मला ते पुरेपूर माहीत होतं. दार उघडं, जिना उघडा, सगळं शहर उघडं. एक फट बुजवली तर बाबांच्या छातीत जाणारा धूर किती कमी होईल याचा अंदाज मला काढता आला असता, आणि तो शून्याच्या इतका जवळ आला असता की कुठल्याही पत्रकात बसला नसता. मी स्टूल भिंतीला लावलं. रिळाचं दुमडलेलं टोक सोडवलं. चप्पल काढली आणि चढले. हात वर केल्यावर कळलं की मलाही दिवसभर दम लागलेला आहे. मान मागे टाकली तशी ट्यूब हळूच एका बाजूला सरकली आणि मी भिंतीला बोटं टेकली.

“थांब,” खालून आवाज आला. मी बघितलं. बाबांनी पाठ खाटेवरून इंचभर उचलली होती, कशी ते देव जाणे. सलाइन लावलेला हात त्यांनी कठड्याबाहेर काढला होता आणि चाचपत चाचपत माझ्या स्टुलाची कड पकडली होती. बोटांना जोर नव्हता, नुसती टेकलेली होती. ते माझ्याकडे बघत नव्हते. मान वळवून, डोळे बारीक करून, स्टुलाच्या पायांकडे बघत होते. “बाबा, हात आत घ्या,” मी म्हटलं. “झोपा तुम्ही.” ते दोन-तीनदा नुसतेच तोंड उघडून राहिले. मग श्वास सापडला.

“लाव तू,” ते म्हणाले. “मी धरलंय.”